तळ्यात काही सोडायचं नाही

परळला आमच्या इमारतीमागे देवळाला लागून एक तळं आहे. आजूबाजूला टॉवर उठले तसं ते लहान दिसायला लागलं, इतकंच. हे बँकेतून निवृत्त झाले आणि दर रविवारी तिथे कचरा काढायला जाऊ लागले. हळूहळू चाळीतली, टॉवरमधली आठदहा माणसं जमली. मीही गेले, कारण घरी बसून यांचे चिखलाचे कपडे धुण्यापेक्षा तिथे जाऊन यांच्यावर ओरडणं सोपं होतं.

कचरा निघायचा, पण लोक टाकायचे थांबायचे नाहीत. निर्माल्याची पिशवी घेऊन कुणी आलं की मी सरळ सुनावायची, "पाणी काय तुमच्या घरचं आहे?" माणूस चिडायचा आणि मुद्दाम पिशवीसकट फेकायचा. यांनी वेगळी रीत काढली. फुलं पाण्यात टाकायची नाहीत. तळ्यातलं ओंजळभर पाणी फुलांवर शिंपडायचं, हात जोडायचे आणि फुलं पायरीवरच्या पिंपात ठेवायची. "झालं विसर्जन," हे इतक्या मायेने म्हणायचे की समोरचा ऐकायचा. मला हसू यायचं.

गेल्या हिवाळ्यात हे गेले. झोपेतच, कुणाला त्रास न देता. सगळे म्हणाले, भाग्यवान. मला मात्र तो त्रास हवा होता. चार दिवस उशाशी बसायला तरी मिळालं असतं.

अस्थी आणल्यावर मुलगा म्हणाला, "आई, बाबा तळ्यावरच खूश असायचे. तिथेच सोडूया ना." कलश घेऊन आम्ही पायऱ्यांवर गेलो, तर आमची रविवारची मंडळी आधीच येऊन थांबलेली. त्यांच्यातले लालबागचे एक गृहस्थ, यांच्याबरोबर पहिल्या दिवसापासून असलेले, पुढे आले.

"वहिनी, दादांसाठी नियम-बियम काय नाय. तुम्ही सोडा. आम्ही बघत नाय."

आणि खरंच, सगळी माणसं पाठ फिरवून उभी राहिली.

सोडायचं फार मनात होतं. मूठभर राखेने तळ्याचं काय बिघडणार होतं? पण दर रविवारी प्रत्येक जण आम्हाला हेच विचारायचा. त्यातल्या कितीतरी जणांच्या पिशवीत घरातल्या गेलेल्या माणसाच्या फोटोचा हार असायचा, आणि तोही आम्ही पिंपात ठेवायला लावला होता.

मी ओंजळीत पाणी घेतलं आणि कलशावर शिंपडलं. यांचे ते दोन शब्द मात्र म्हटले नाहीत. विसर्जन वगैरे काही झालं नव्हतं. हे अजून माझ्या हातातच होते.

"वरळीच्या कोळीवाड्यात होडी मिळेल," मी मुलाला म्हटलं. "समुद्रात सोड."

"तू नाही येत?"

"नाही."

तो टॅक्सीने गेला. मंडळी आमच्याकडे वळली तेव्हा मी पायरीवर बसून होते.

अजून रविवारी जाते. माझा आवाज मऊ झालाय असं सगळे म्हणतात. म्हणोत. मला यांचा, यांच्या त्या नियमाचा राग येतो, आणि तो कुणाला सांगताही येत नाही. एवढ्या मोठ्या समुद्रात मी यांना कुठे म्हणून बघू? त्या दिवशी पाठमोऱ्या माणसांआड ती राख सोडली असती, तर निदान रविवारी मला यांच्याजवळ जाऊन बसता आलं असतं.