रुखमिणीची एकुलती निगेटिव्ह

करडी गावच्या भैयाजीची पेन्सिल एके काळी अख्ख्या मोहाडी तालुक्यात गाजलेली. होता तो फोटोग्राफर, पण लोक यायचे ते पेन्सिलीसाठी. लग्नाच्या पोरीचा फोटो पाहुण्यांकडे पाठवायचा असला की भैयाजी निगेटिव्ह उजेडासमोर धरायचा, तासून टोकदार केलेली पेन्सिल फिल्मच्या खरखरीत बाजूवर हळूहळू फिरवायचा, आणि प्रिंटमध्ये गालावरचे वण, डोळ्यांखालचा काळपटपणा, सगळं गायब! त्यासाठी नाकाडोंगरीहून लोक एसटीने यायचे. किती सोयरिकी त्या पेन्सिलीने जमवल्या, देव जाणे. पुढे प्रत्यक्ष पोरगी पाहून पाहुणे काय म्हणाले, ते विचारायच्या भानगडीत भैयाजी कधी पडला नाही.

आता स्टुडिओ बंद. गेल्या वर्षी बायको रुखमिणी गेली आणि घरात तो एकटा उरला. एकटा म्हणजे अगदी एकटा, बरं का. सकाळी आपणच चहा मांडायचा, आपणच प्यायचा, कप आपणच विसळायचा. धानकापणीचे दिवस, त्यामुळे शेजारपाजारही दिवसभर शेतावर. कधीकधी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की आवाजच फुटायचा नाही.

भिंतीवर रुखमिणीचा हार घातलेला फोटो होता, आधार कार्डावरून मोठा केलेला. दुकानदाराने तिला गोरीपान करून मागे निळं आभाळ लावून दिलं होतं. हौस बघा! त्या बाईशी भैयाजीला दोन शब्द बोलवत नसत. वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं, आणि त्या दिवशी पाटावर रुखमिणीचा खरा चेहरा ठेवायचा, एवढं एकच त्याने मनाशी घेतलं होतं.

फोटोग्राफरची बायको म्हणजे फोटोंचा ढीग असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! निगेटिव्ह एकच. लग्नानंतर आंबागडच्या किल्ल्याखाली तिला भर उन्हात उभी करून काढलेली, ब्लॅक अँड व्हाइट. लहानपणी माता, म्हणजे देवी, येऊन गेल्यामुळे तिच्या दोन्ही गालांवर वण होते. नव्या नवऱ्याने मोठ्या हौसेने पेन्सिल चालवली आणि प्रिंट तिच्या हातात दिली. तिने बराच वेळ पाहिली.

"हे कोन व्हय जी?"

"तूच व्हय. पाय ना, कशी दिसून राहिली!"

"मी नाई हे," ती म्हणाली, आणि प्रिंट सरळ चुलीत घातली. त्यानंतर ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. मुलाच्या लग्नातही पदर ओढून बाजूला सरली. आधारचं सोडा, तिथे तिचं काही चाललं नाही. भैयाजीने तेव्हा ते सगळं हसण्यावारी नेलं होतं.

मुलगा भुपेंद्र पुण्याला. त्याने बापासाठी स्कॅनर पाठवला आणि फोनवरून सांगितलं, "बाबा, धूळ साफ करायचं बटन दाबून द्या. बाकी मशीन पाहून घेते."

भैयाजीने निगेटिव्ह स्कॅनरच्या काचेवर ठेवली आणि बटण दाबलं. पडद्यावर चेहरा आला तो मेणाचा. पापण्या पुसटलेल्या, आणि हनुवटीवरचं गोंदण साफ नाहीसं!

"भुपेंद्र, तुही मशीन आंधळी हाय काय रे? तुह्या मायचं गोंदन खाऊन टाकलं तिनं!"

शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. ते बटण रंगीत फिल्मसाठी. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीचं, आणि मशीनला ती चांदीच कचरा वाटते. मग भैयाजीने बटण बंद केलं. मऊ ब्रशने धूळ स्वतः झटकली, काच पुसली, गुंडाळी झालेली निगेटिव्ह पुस्तकांखाली दाबून सरळ केली. स्कॅन मुद्दाम फिकट ठेवला. काळं-पांढरं नंतर गडद करता येतं, पण एकदा गेलेलं बारीक काम परत येत नाही. गोंदण आलं. लुगड्याची किनार आली. त्याने चेहरा मोठा केला, आणि गालांवर दिसल्या बारीक बारीक रेघा. त्याच्याच पेन्सिलीच्या.

"राहू द्या ना त्या रेघा, बाबा," पाठवलेला स्कॅन पाहून भुपेंद्र फोनवर म्हणाला, "चांगली तर दिसून राहिली आई."

"चांगली दिसते रे. पन हे तुही माय नाई."

बोलून गेला आणि चपापला. तिचेच शब्द होते ते. तेव्हा ती रुसली असं धरून आपण चाळीसहून जास्त वर्षं काढली, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेन्सिल टर्पेंटाइनने निघते, हे त्याला ठाऊक होतं. पण निगेटिव्ह एकच. इतक्या जुन्या फिल्मचा थर सुटला तर रुखमिणी दुसऱ्यांदा गेली, आणि या खेपेला नवऱ्याच्या हाताने. दोन दिवस बाटली टेबलावर तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने कापूस भिजवला, श्वास धरला आणि तिच्या गालावरून अगदी हलकेच फिरवला. कापूस करडा झाला. थर टिकला. त्याने दुसराही गाल पुसला, निगेटिव्ह नीट वाळू दिली आणि पुन्हा काचेवर ठेवली.

पडद्यावर चेहरा वरून खाली उतरत गेला. उन्हाने बारीक झालेले डोळे. गालांवर वण, सगळेच्या सगळे. ओठ जरा दाबलेले, आता पुरे म्हणणारे. भैयाजी लहान पोरासारखा हसला, डोळे पुसले आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून ओरडला, "इकडे ये वो! पाय, आता तूच व्हय!"

 मग भान आलं, तशी त्याने मान पुन्हा पडद्याकडे वळवली. लोक येतील, फोटो पाहून छान म्हणतील, भुपेंद्रही म्हणेल. पण "मीच हे" की "मी नाई हे", ते सांगणारी एकटी तीच होती.