थेंबाचं आळं

वाचकहो, एक अत्यंत गंभीर बाब आपल्यासमोर ठेवतो. भर मे महिन्यात, लातुरात, दिवसाढवळ्या पंखा बंद करणारी बाई मी या डोळ्यांनी पाहिली आहे. वर ती म्हणायची, "श्वासबी जरा बेतानं घ्या, सर."

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या या मॅडम मूळच्या निलंग्याच्या. मी शेजारच्या खोलीत रसायनशास्त्र शिकवायचो. पंख्याच्या बटणाकडे झेपावणारा त्यांचा हात मला अजून दिसतो.

त्यांचं काम थेंबांचं. तळहाताएवढ्या काचपट्टीवर असा लेप, की अळवाच्या पानासारखं त्यावर पाणी टिकायचं नाही. मध्येमध्ये बारीक गोल ठिपके मात्र बिनलेपाचे. थेंब तिथे जाऊन चिकटून बसायचा. झाडाभोवती करतात तसं, म्हणून त्या ठिपक्याला त्या 'आळं' म्हणायच्या. बोटातल्या थेंबभर रक्ताचे कणाकणाएवढे वाटे, आणि प्रत्येक आळ्यात वेगळी तपासणी.

"लेकराला टोचायचं तर एकदाच. रडणं बी एकदाच," त्या म्हणायच्या.

पण असा थेंब मोहरीहून लहान. पंखा लागला की डोळ्यादेखत वाळायचा.

सगळ्यांत जास्त हाल प्राचार्यांचे. माणूस भरभक्कम. "मॅडम, तुमच्या थेंबापायी माझा घागरभर घाम काढून राहिलात!"

"तुमचा घाम फुकटचा हाय, सर. थेंब पेशंटचा हाय."

मग एकदा तपासणी समिती आली. काचपट्टी चालली तर प्रयोगशाळा राहणार, नाहीतर त्या खोलीत क्रीडा विभागाच्या गाद्या येणार. मॅडमनी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. समिती टेबलाभोवती घाम पुसत उभी.

पण प्राचार्यांच्या राज्यात गुलाबपाण्याशिवाय पाहुण्याचं स्वागत नाही. मॅडम थेंब सोडायला वाकल्या आणि त्याच क्षणी प्राचार्यांनी गुलाबदाणी उत्साहानं झटकली. थोडं समितीच्या अध्यक्षांच्या टकलावर, बाकी सगळं काचपट्टीवर.

"मेलो!" प्राचार्य म्हणाले.

मॅडमनी पंजा वर केला. "श्वास!"

सगळ्यांनी रोखला. अध्यक्षांनीसुद्धा. मॅडमनी काचपट्टी हळूच तिरपी केली. गुलाबपाणी घरंगळलं आणि त्याचे थेंब एकेक करून आपापल्या आळ्यात जाऊन बसले. बाकी काच कोरडी ठणठणीत!

श्वास सोडत अध्यक्षांनी विचारलं, "हे ठरवून केलंत?"

"न्हाई हो साहेब. ठरवलं असतं तर सरांचा नेम चुकला असता."

प्रयोगशाळा राहिली. गाद्या जिन्याखाली गेल्या.

गेल्या उन्हाळ्यात मॅडम निवृत्त झाल्या. आता त्या खोलीतला पंखा त्यांच्या विद्यार्थिनी बंद करतात. निरोपाच्या सभेत मात्र हॉलमधले सगळे पंखे गरगरत होते. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. "मला काय..." एवढंच म्हणाल्या. पापणीच्या कडेला एक थेंब येऊन थांबला. पडेना, हलेना. आम्ही सगळे श्वास धरून बसलो.

आणि पहिल्या रांगेतून प्राचार्य ताडकन उठून ओरडले, "अरे, पंखा बंद करा कुणीतरी! मॅडमचा थेंब वाळंल!"