बाजूला ठेवलेल्या जोड्या

अनु, ईशान, तेराव्यानंतर तुम्ही फोनवर विचारलंत, "आबा शेवटी घाबरले होते का?" जेवलात का, असं विचारून मी वेळ मारून नेली. तेव्हा मला अर्धंच ठाऊक होतं. उरलेलं परवा कळलं, म्हणून आज नीट बसून लिहिते. हो, घाबरले होते. पण मरणाला नव्हे.

भीती त्यांच्यात जुनीच. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर औशाजवळच्या आमच्या गावी लोक दाराशी भांड्यांची उतरंड रचत. जमीन हलली की वरचा पेला पडे आणि माणसं अंगणात धावत. ती सवय आबांनी नांदेडच्या घरातही आणली. एकदा भरदुपारी पेला वाजला आणि त्यांनी सगळ्यांना ताटावरून उठवलं. माझ्या सासूबाई, म्हणजे आबांच्या आई, करवादल्या, "मांजर हाय रे ते. जेवू दे लेकरायला."

"मांजर असंल तर बरंच हाय, आई. आधी भाईर चल."

आबा अणुगर्भांचे अभ्यासक; त्यांचं कामही असल्याच सैल रचनेचं. लिथियमच्या एका अणुगर्भाभोवती दोन न्यूट्रॉन दूरवर, जेमतेम धरलेले असतात. तो शिशाच्या अणुगर्भाजवळून वेगात सोडायचा, पण भिडू द्यायचा नाही. शिशाच्या विद्युतक्षेत्राचा हिसका भारित गाभ्याला बसतो. न्यूट्रॉनांना विद्युतभारच नाही, ते मागे राहतात आणि सगळं सुटतं. हिसक्याला तो किती सहज दाद देतो, ते विद्युत द्विध्रुव संक्रमणाचं बळ. परदेशातल्या प्रयोगशाळेत आबांनी तेच मोजलं.

न्यूट्रॉन टिपणाऱ्या भिंतीत कधी एकच न्यूट्रॉन एका पट्टीवरून शेजारच्या पट्टीवर उडतो आणि दोन असल्याचं भासवतो. त्या धास्तीनं आबांनी शेजारी-शेजारी पडलेल्या सगळ्याच जोड्या मोजणीतून काढल्या. त्यात खऱ्याही गेल्या. कमी ऊर्जेला खऱ्या जोड्या जवळजवळच पडतात, त्यामुळे त्या बळाच्या आलेखाचं तिथलं शिखर खुजं राहिलं... बऱ्याच वर्षांनी दुसरीकडे ते उंच मिळालं. आबांची विद्यार्थिनी पल्लवी, अर्धापूरची, आता आबांच्या त्याच जुन्या प्रयोगशाळेत आहे. तिनं तो नवा आलेख फोनवर दाखवला. मी म्हटलं, "घरी मांजराला भूकंप समजता आणि तिथं भूकंपाला मांजर." ते हसले नाहीत.

रुग्णालयात ऑक्सिजनची नळी बाजूला करून म्हणाले, "काढल्या त्या जोड्या... पुसल्या तर नसतील ना गं मी? आठवत न्हाई." भीती ती हीच: पुसल्या असतील, तर चूक दुरुस्त करायला काहीच उरलं नव्हतं. पल्लवी त्या मोजणीच्या नोंदी असलेल्या जुन्या टेपा शोधत होती, त्या वाचणारं यंत्र मिळत नव्हतं. रोज विचारायचे, "आला का फोन?" मी म्हणायची, "येईल." आणि मनात घाबरायची, की येईल तो ‘पुसल्या’ सांगायलाच येईल. डोळे दाराकडे लावूनच ते गेले.

परवा पल्लवीचा फोन आला. "काकू, सरांनी त्या जोड्या नुसत्या बाजूला ठेवल्या होत्या. पुसलं काहीच न्हाई."

"आणि शिखर?"

"हाय की. नीट मोजून व्हायचंय अजून, पण उंच हाय."

आबांना हे कळलं नाही. त्यातही काही बरं झालं, असं मला म्हणता येत नाही. पण त्या जोड्या टेपेवर आहेत.