वीस मायक्रॉन
चाकणला कंपनीत शिरलं की मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आंबूस वास येतो आणि मला थेट देहूरोडजवळच्या शुश्रूषा केंद्रातली ती दुपार आठवते. बाबांचे शेवटचे दिवस होते, बोलणं जवळजवळ थांबलं होतं आणि आम्ही खाटेभोवती कुजबुजत बसायचो. घरच्यांना धीर देणाऱ्या तिथल्या ताई एकदा वैतागल्याच, "रडायचं तर माझ्यापाशी रडा, त्यांच्याशी त्यांच्या कामाचं बोला!" म्हणून बाबांच्या कंपनीतले, त्यांच्याच लाइनवरचे एक काका रीतसर गेटपास काढून ताज्या लॉटमधला बुश, बोटभर लोखंडी नळीच ती, घेऊन आले, कूलंटने ओलाच, आणि सोबत तो मोजायला मायक्रोमीटर! बाबांनी बुश हुंगला, मोजला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडले, "रिजेक्ट! वीस मायक्रॉन जास्त हाय. सेटिंग कुनी केलं?" "मीच राव, चुकलंच," म्हणत काकांनी कान पकडले. आई खळखळून हसली, मी टाळ्या पिटल्या, ताई तर नाचायच्याच बाकी होत्या! चारच दिवसांनी बाबा गेले. बुश खरंच चुकला होता की काकांनी सांभाळून घेतलं, कोण जाणे. आता मी रोज शेकडो पीस मोजतो. घरी जपून ठेवलेला तो बुश मात्र अजून मोजलेला नाही.