कुरडयांचं ताट

दुपारी एसी लावून पडलो होतो. सहज गॅलरीत आलो, तर शेजारच्या काकू आमच्या एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर, त्यांच्या कठड्यावर, कुरडयांचं ताट ठेवत होत्या.

"तुमच्या गरम हवेनं एका दिवसात वाळतात हो," त्या कौतुकानं म्हणाल्या.

मी ओशाळलो. माझ्या खोलीतला उकाडा काही नाहीसा होत नव्हता. तो मी पंख्यावर भागवणाऱ्या काकूंच्या दारात टाकत होतो. त्यासाठी लागणाऱ्या विजेपायी कुठंतरी कोळसा जळत होता, तो वेगळाच.

दुसऱ्या दिवशी खिडक्या उघडल्या आणि ओला पंचा मानेवर टाकून बसलो. घाम येत होता. येऊ दे म्हटलं.

"एसी बिघडला का?" काकूंनी विचारलं.

"नाही, बंद केलाय. आता बंदच राहील."

त्यांनी ताट उचलून कठड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. तिथं ऊन होतंच.