बसायची हाडं

माणसाला दुखावं, पण चारचौघांत सांगता येईल अशा जागी दुखावं. गुडघा दुखतो म्हटलं की लगेच चहा येतो, तेलं सुचवली जातात, समोरचा आपलाही गुडघा पुढे करतो. कंबर म्हटलं की खुर्ची पुढे सरकवतात. माझं दुखणं त्या खुर्चीवर जो भाग टेकतो नेमकं तिथलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही जरा पुढचं. ते कोणापुढे बोलणार? बायकोजवळ बोललो तर ती म्हणाली, "या वयात कोणी सांगितलं होतं डोंगरात सायकल हाणायला?" आणि मग स्वतःच गप्प झाली. कारण तिनेच सांगितलेलं.

आमची एकुलती एक मुलगी लग्न होऊन ठाण्याला गेलेली. तिथून एका दुपारी एक बॅग घेऊन डोंबिवलीला परत आली, "आता मी तिकडे जाणार नाही" एवढं बोलली आणि तिचं बोलणं जे संपलं ते संपलंच. खोलीत बसून ऑफिसचं काम करायची. हाक मारली की जेवायला यायची, ताट घासून ठेवायची. काय झालं विचारलं की "काही नाही, बाबा." मी तापट माणूस. सगळी नोकरी केमिकल कंपनीत गेली, तिथे मशीनच्या आवाजात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जायचं नाही, तीच सवय घरी. पण हिच्यापुढे माझा आवाज चढेना. नवऱ्याने मारलं का, छळलं का, दुसरं कोणी होतं का, काहीच कळायला मार्ग नाही. बायको देवापाशी रडायची आणि मी गॅलरीत येरझाऱ्या घालायचो.

मग एका संध्याकाळी ती फोन घरीच ठेवून बाहेर पडली. शोधत शोधत मी रेतीबंदरला गेलो. तिथे खाडीच्या कडेला बसलेली, चपला शेजारी काढून नीट जोडीने ठेवलेल्या. म्हणाली, "वारा खायला आलेले." मी रिक्षा केली. घरी आल्यावर बायकोने मला स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच म्हणाली, "हिला एकटं सोडायचं नाही. काहीही होवो, तुम्ही मागे असायचं."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मुलीने कॉलेजात असतानाची, डोंगरात चालवायची सायकल जिन्याखालून बाहेर काढली. जाड टायर, पुढे शॉकअप. धुतली, हवा भरली. रविवारी पहाटे निघाली तेव्हा मी चहाचा कप तसाच टाकून दारात गेलो आणि म्हणालो, "मी येऊ?" ती म्हणाली, "ये." माझ्याकडे सायकल नव्हती, म्हणून त्या दिवशी तिने सोसायटीभोवतीच चकरा मारल्या. पुढच्या रविवारपर्यंत मी तशीच एक जुनी सायकल मिळवली. शाळेनंतर मी सायकलला हात लावला नव्हता.

काटईवरून नेवाळीच्या पुढे, मलंगगडाच्या पायथ्याशी डांबर सोडलं की मुरमाच्या वाटा लागतात. दगड, खड्डे, मधूनच सुका ओढा. ती पुढे आणि मी मागे. पहिला चढ संपला आणि तिने मान न वळवता, पुढे बघतच सांगितलं, "त्या घरात मला जेवायला कोणी हाक मारायचं नाही, बाबा. सगळ्यांचं झालं की कळायचं." बस्स, एवढंच. मी मागून "हं" म्हटलं. कित्येक आठवडे घरात जे निघालं नाही ते तिथे निघत होतं, कारण तिला माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला तिचं. पुढच्या चढावर अजून एक वाक्य. मी कान टवकारून पॅडल मारत होतो.

आणि तिथेच घोडं अडलं. कारण त्या चढानंतर मला बसवेना. मुंग्या आल्या, मग बधिर झालं, मग असं दुखायला लागलं की डोळ्यांपुढे काजवे. मी म्हणालो, "जरा थांबू या का?" ती थांबली, बाटली काढली, पाणी प्यायली, मोबाइल बघितला आणि गप्प. एकदा थांबलो की ती पुन्हा बोलायची नाही. परतीच्या वाटेवर एक अक्षर नाही. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारी तेच. तिच्या पोटातलं सगळं ओठांवर यायचं आणि माझ्या बुडाला दम निघायचा नाही. स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

तेव्हा ठरवलं, सीट बदलायची. सोसायटीत विचारलं तर सगळे तज्ज्ञ. एकजात सल्ला एकच: मऊ घ्या. रुंद घ्या. मांडी घालून बसता येईल अशी घ्या. तळमजल्यावरचे रिटायर्ड मास्तर तर म्हणाले, "सोफ्यासारखी मिळते बघा हल्ली." स्वतः त्या गृहस्थांना सोफा सोडून कुठे बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. बायकोने जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवतात तशी एक छोटी गादी शिवली, खाली नाड्या लावून सीटला बांधली. मायेने केलेली, नाही कसं म्हणणार? पहिल्याच उतारावर ती एका बाजूला सरकली आणि मी दुसऱ्या.

मग ठाण्याला गेलो, स्टेशनजवळच्या एका दुकानात. विक्रेत्याने एक फुगीर सीट पुढे ठेवली, आत जेल भरलेली. त्यात अंगठा दाबून दाखवला. "अंकल, एकदम मख्खन. दाबून बघा ना." मीही अंगठा दाबला. खरंच मऊ होती. आपण आंबा दाबून घेतो, पाव दाबून घेतो, उशी दाबून घेतो. सीटवर अंगठा बसणार नाहीये हे मला काही सुचलं नाही.

ती सीट म्हणजे नुसता ताप. घरापासून काटईपर्यंत झकास वाटलं. पुढे शरीर तिच्यात रुतायला लागलं. हाडं खाली गेली आणि मधला भाग वर दाबला गेला, जिथे दाब यायलाच नको तिथेच सगळा भार. रुंद असल्यामुळे मांड्या घासायच्या त्या वेगळ्याच. दगडांच्या उतारावर अंग मागे न्यावं लागतं, तर पँट तिच्या कडेला अडकायची. एकदा असाच अडकून मी आडवा झालो, सीट मुरमावर घासली, कव्हर फाटून आतला जेल बाहेर आला. नंतर तो धूळ धरून चिकट झाला. दुसरी घेतली, स्प्रिंगवाली. ती दर खड्ड्याला कुरकुरायची, आणि मुलगी पुढे काय बोलते ते मला ऐकूच यायचं नाही. एका दगडावर आपटल्यावर तिच्या खालची सळई वाकली. मग तिरक्या सीटवर तिरका बसून मी गड पाहिला.

उपाय म्हणून मी आत थर वाढवले. सायकलवाल्यांची गादीची चड्डी मिळते, ती आणली. तिच्या आत आपली नेहमीची. एक कमी पडते म्हणून बायकोच्या सांगण्यावरून दोन. आणि सोसायटीच्या गेटमधून असं तंग काही घालून कसं जायचं, म्हणून वरून ट्रॅक पँट. एवढी बंदोबस्ताची तयारी आमच्या कंपनीत अॅसिडच्या टाकीलाही नव्हती. तरी दर रविवारी घरी येऊन मी पालथा झोपायचो. शेवटी तिथे गळू आलं. फॅमिली डॉक्टर माझे जुने स्नेही, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "बंद कर हे. पुन्हा बसलास तर चिरावं लागेल." मी म्हणालो, बंद करता येणार नाही. "का? कोणी पैज लावलीय?" काय सांगणार होतो? की मी सायकलवरून उतरलो तर माझी पोर एकटी डोंगरात जाईल, आणि परत येईल की नाही याची मला खात्री नाही?

त्या रविवारी पहाटे मी अंथरुणात पालथा पडलेलो. ती बूट घालून दारात आली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, "बाबा, तू आज आराम कर. मी एकटी जाते." मी म्हणालो, "थांब." कसा उठलो, कसे कपडे चढवले, देवाला माहीत. बायको दाराआडून बघत होती.

सीटला न टेकता, उभ्यानेच पॅडल मारत निघालो. नेवाळीपर्यंत पाय गेले. मुरमाच्या वाटेवर पोटऱ्यांत गोळे आले, दोनदा उतरून सायकल ढकलली. ती वळणाआड गेली. मी हाक मारली, उत्तर नाही. तिथे एक जुनी खदान आहे, खडक फोडून फोडून खोल झालेली, तळाला हिरवं पाणी. वळणावर पोचलो तर खदानीच्या कडेला तिची सायकल आडवी पडलेली. ती नाही. मी सायकल सोडून दिली. पळता येत नव्हतं, पाय फाकवून कसाबसा चालत गेलो आणि तिच्या नावाने ओरडत सुटलो, कंपनीत ओरडायचो तसा.

ती खडकाच्या पलीकडे सावलीला बसून संत्रं सोलत होती. "किती उशीर, बाबा," म्हणाली. मग माझा अवतार बघितला आणि हातातलं संत्रं तसंच राहिलं.

माझा बांध फुटला. मी रडलो, चिडलो, दोन्ही एकदमच. म्हणालो, "मला बसता येत नाही. खाली गळू झालंय, पुढे बधिर होतं, घरी जाऊन लघवीलाही दुखतं. हे मी माझ्या मुलीला सांगतोय, लाज सोडून. पण तू एकटी जायचं नाहीस. मी उभ्याने येईन, रांगत येईन, तू एकटी जायचं नाहीस." तिने हळूच विचारलं, "बाबा, त्या चड्डीच्या आत काही घातलंयस?"

"म्हणजे काय? दोन घातल्यात."

ती हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि मग तिचे डोळे भरले. म्हणाली, "आतून काहीच घालायचं नसतं रे. ती शिवण घासते, त्यानेच गळू होतं." आतून काहीच न घालता डोंबिवलीत बाहेर पडायचं, हे आमच्या घराण्यात आजवर कोणी केलं नसेल. पण तिने सांगितलं म्हणजे करायचं.

गळू बरं होईपर्यंत तीही गेली नाही. मी काही म्हटलं नव्हतं. एका दुपारी तिने खोक्याचा जाड पुठ्ठा फाडला, पाटावर ठेवला, पाट स्टुलावर, आणि मला त्यावर बसवलं. "गुडघे उचल. जरा पुढे वाक." उठलो तर पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटलेले. "ही तुझी बसायची हाडं. सगळा भार यांच्यावर यायला हवा, मांसावर नाही." आईच्या शिवणाच्या टेपने तिने खळग्यांमधलं अंतर मोजलं. बायको दारात पदर तोंडाला लावून हसत होती, आणि आमच्या घरात हसण्याचा आवाज ऐकून मी मुद्दामच जरा जास्त वेळ बसून राहिलो.

ठाण्याच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. विक्रेता पुन्हा अंगठा दाबायला लागला, तर ती म्हणाली, "ते राहू दे." तिने निवडलेली सीट बघून माझा जीव दडपला. पातळ, कडक, मध्ये लांब खाच. मी म्हणालो, ही तर फळी आहे. ती म्हणाली, "म्हणूनच. खाच आहे तिथे दाब येत नाही. कोपऱ्यांना जाड कापड आहे, पडलास तरी फाटणार नाही. सळया पोलादी आहेत." घरी येऊन तिने ती आडवी पट्टी ठेवून सपाट बसवली, उंची लावली, आणि मी बसल्यावर माझ्या टाचा पॅडलवर ठेवून गुडघा कितपत वाकतो ते पाहिलं.

पुढच्या रविवारी निघालो. काटई गेलं, नेवाळी गेलं. मुरूम लागला. मी दुखण्याची वाट बघत होतो, दुखलं नाही. पहिला चढ झाला, दुसरा झाला, नेहमी जिथे मी हात टेकायचो ते झाड मागे पडलं. ती बोलत होती. त्या घरातल्या एकेका खोलीबद्दल, एकेका दिवसाबद्दल, आणि मी मागून हं म्हणत होतो. खदान मागे टाकून वाट वर चढायला लागली तेव्हा ती थोडा वेळ थांबली, म्हणजे बोलायची थांबली, पॅडल चालूच होतं. मग पुढे बघतच म्हणाली, "त्या दिवशी रेतीबंदरला मी वारा खायला गेले नव्हते, बाबा. तू दिसलास म्हणून उठले."

मला तिथेच उतरावंसं वाटलं. रस्त्याच्या कडेला बसावं, पाणी प्यावं, काहीतरी कारण काढावं. इतके महिने जे ऐकायला जीव टाकत होतो ते आता ऐकवत नव्हतं. पण मला कुठेच दुखत नव्हतं. थांबलो असतो तर तिला मागे वळून माझं तोंड बघावं लागलं असतं. म्हणून मी बसूनच राहिलो आणि पॅडल मारत राहिलो.

"येतोयस ना?" तिने विचारलं.

"येतोय," मी म्हणालो. "तू बोल."