नकाशातली मोकळी जागा

आमच्या गावाचं एक पुस्तक आहे. गुळगुळीत कागदाचं, वर उगवता सूर्य आणि खाली वाकलेली धानाची लोंबी. पंचायतीच्या कपाटात त्याचे गठ्ठे आहेत, शाळेत आहेत, गावात कोणी साहेब आला की शाल-नारळासोबत त्याच्या हातात एक प्रत जाते. माझ्याकडेही एक आहे. मी ती पेटीच्या तळाशी ठेवली आहे, कारण त्यातला तलावाचा नकाशा मी काढलेला आहे आणि तो दिसला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पुस्तकाचे तीन भाग आहेत: इतिहास, भूगोल आणि लोकजीवन. इतिहास आणि लोकजीवन लिहिलं आमच्या निवृत्त हेडमास्तरांनी. त्यांच्या इतिहासात गोंड राजे येतात, भोसले येतात, इंग्रज येतात, सगळे पानभर नांदून जातात. ज्या कोहळी समाजाच्या लोकांनी माती वाहून तलाव बांधले, त्यांच्या वाट्याला चार ओळी. आणि त्या तलावात पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणाऱ्या आम्हा ढिवरांना एक: 'गावात मासेमारी करणारेही काही लोक राहतात.' काही लोक! जसे काही आम्ही काल सानगडीच्या बाजारातून वाट चुकून इकडे आलो. लोकजीवनात तर कहर आहे. 'येथील लोक कष्टाळू, साधेभोळे व आतिथ्यशील आहेत.' ज्याला ज्याला आमची जागा, आमचं पाणी, आमचं जंगल हवं झालं, त्याने आम्हाला आधी साधेभोळे म्हटलं आहे. मी हे हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, 'अगं, चांगलंच तर लिहिलं आहे.'

भूगोल माझ्याकडे आला. मी गावचीच, ढिवर मोहल्ल्यातली. बाबाने मासोळ्या विकून शिकवलं, मी डीएड केलं, काही वर्षं दिघोरीकडे नोकरी केली आणि मग बदली होऊन गावच्या शाळेत आले. आई गेल्यापासून घरी बाबा आणि मी, दोघंच. नकाशा काढायचा म्हटल्यावर मला खरं तर आनंद झाला होता. मी फळ्यावर सह्याद्री काढते, गोदावरी काढते, पोरांनी कधी न पाहिलेला समुद्र निळ्या खडूने घोटते. आपल्या गावाचा तलाव कागदावर येणार, आणि तो माझ्या हातून, याचा मला गर्व झाला. गर्वाचं घर खाली, म्हणतात ते उगीच नाही.

मोजणी करायला सुट्टी हवी आणि मास्तरांना सुट्टी मिळते मे महिन्यात. म्हणून मी मे महिन्यात तलाव मोजला.

हे वाक्य वाचून आमच्या भागातला कोणीही म्हातारा कपाळावर हात मारेल. आमचे तलाव म्हणजे चार भिंतींचे हौद नाहीत. उताराच्या बाजूला मातीची उंच पाळ, आणि समोरच्या बाजूला जमीन इतकी हळूहळू चढत जाते की पाणी कुठे संपतं आणि रान कुठे सुरू होतं ते कळत नाही. उन्हाळ्यात ती बाजू कोरडी पडते, भेगाळते, तिथे गुरं चरतात. पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी येतं, गवत माजतं, देवधान आपोआप उगवतं. ऋषिपंचमीला नांगराचं अन्न चालत नाही म्हणून बायका जे लाल तांदूळ वर्षभर जपून ठेवतात, ते हेच. आणि त्याच उथळ, कोमट पाण्यात डाडक, बोटरी, मरळ येऊन अंडी घालतात. माझी आई त्या बाजूला मासोळीचं माहेर म्हणायची. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या लेकीला कोणी कामाला लावत नाही, तसं तलाव भरला की पोळ्यापर्यंत आमच्या मोहल्ल्यातलं कोणी जाळं टाकत नाही. ते दिवस आम्ही चटणी-भातावर काढतो. त्याआधी चुकून अंड्यावरची मासोळी जाळ्यात आली, तरी ती सोडून द्यायची. हे कुठे लिहिलेलं नाही, पण मोडलेलं मी पाहिलं नव्हतं.

मोजताना बाबा माझ्यासोबत होता. टेपचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. पाण्याची कड आली तिथे मी खुंटी ठोकली. बाबा थांबला नाही, कोरड्या मातीवरून चालत पार पळसाच्या झाडांपर्यंत गेला आणि तिथून ओरडला, 'अवो बाई, पानी इथवर येते!'

मी म्हटलं, 'बाबा, नकाशात जे दिसते तेच दाखवायचं असते. मनातलं नाही दाखवत.'

हे मी म्हटलं! ज्याने पन्नास वर्षं त्या तलावात कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून काढली, त्याला मी नकाशा शिकवला. तो टेप गुंडाळत परत आला आणि म्हणाला, 'तुले समजते.' घरी येऊन मी शाईने तलाव काढला, आत निळा रंग भरला, पाळ दाखवली, देऊळ दाखवलं, शाळा दाखवली. तलाव आणि पळस यांच्यामध्ये बराच पांढरा कागद उरला. तो बरा दिसेना, म्हणून मी तिथे सुंदर अक्षरात लिहिलं: मोकळी जागा.

पुस्तक छापून आलं. कार्यक्रम झाला, माझा सत्कार झाला, बाबा धुतलेला दुपट्टा खांद्यावर टाकून पहिल्या रांगेत बसला होता.

नंतर एक दिवस सरपंचांनी शाळेत येऊन पेढे वाटले. तलावाचं सौंदर्यीकरण मंजूर झालं होतं. चालायला पट्टा, बसायला बाकं, लहान मुलांची घसरगुंडी आणि मधोमध माणसाएवढ्या लाल अक्षरांत गावाचं नाव, फोटो काढायला. 'जागेचाच प्रश्न होता, मॅडम,' ते म्हणाले, 'तो तुमच्यामुळे सुटला.' प्रस्तावाला पुस्तकातलं पान जोडलं होतं. त्या पांढऱ्या कागदावर कोणीतरी लाल पेनाने चौकोन आखला होता. तिथे मुरूम टाकून भर घालायची, असं ठरलं होतं.

पेढा माझ्या हातातच राहिला. मी त्यांना तिथल्या तिथे सांगितलं की ती जागा मोकळी नाही, तो तलावच आहे, पावसाळ्यात या आणि बघा. ते हसले. गावातच जन्मलेला माणूस, लहानपणी त्याच पाण्यात म्हशीच्या पाठीवर बसून पोहलेला. त्याला ठाऊक नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. 'छापलेलं आहे ना, मॅडम,' तो म्हणाला.

छापलेलं! डोळ्यांना दिसतं ते खोटं आणि छापलेलं खरं. पण मला कोणत्या तोंडाने चिडायचा अधिकार होता? मीच तर बाबाला सांगितलं होतं की कागदाला कागदाचे नियम असतात.

ग्रामसभेत मी बोलायचं ठरवलं. मोहल्ल्यातले सगळे आले होते, बायकासुद्धा. बाबा नेहमीसारखा दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसला. मी उभी राहिले आणि सरळ म्हटलं की नकाशा चुकला आहे, चूक माझी आहे, मी उन्हाळ्यात मोजला, ती जागा तलावाची आहे आणि तिथे मासोळीची पैदास होते. तिथे भर पडली तर दोन-चार वर्षांत आमच्या जाळ्यात गवताशिवाय काही येणार नाही.

सरपंच शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, 'मॅडम, हे पुस्तक तालुक्याले गेलं, शिक्षन विभागाले गेलं. तुमी शाळेत हेच शिकवून राहिल्या. आता म्हनता चुकलं. म्हनजे पोराईले चुकीचं शिकवता काय? मंग मले वर तसं लिहून द्या लागन. चौकशी होईन, तुमी पाहा.'

मी म्हटलं, 'द्या लिहून.'

खरंच म्हटलं. मला त्या क्षणी नोकरीची पर्वा नव्हती, किंवा रागात ती आठवली नाही, दोन्ही एकच. पण सरपंच आयुष्यभर राजकारण केलेला माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. तो दाराकडे वळला आणि गोड आवाजात म्हणाला, 'काका, मोजतानी तुमी त संगं होते. सांगा बरं सबन लोकाईसमोर. तुमच्या पोरीचा नकाशा चुकला काय?'

बाबा ग्रामसभेत कधी बोललेला नाही. तो उठला, दुपट्टा खांद्यावरून काढून हातात धरला. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, आता हा पळसाचं सांगणार, पाणी कुठवर येतं ते सांगणार, आणि त्याच्यासमोर कोणाची बोलायची हिंमत होणार नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

'नकाशा बराबर आहे,' तो म्हणाला. 'मायी पोरगी अशी चुकत नसते.'

टाळ्या वाजल्या. कोणीतरी 'वा काका' म्हणालं. आमच्या मोहल्ल्यातली माणसं खाली माना घालून बसली होती. बाबा पुन्हा चपलांपाशी बसला आणि ठराव पास झाला.

त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. भांडी आपटली, दारं आपटली. ट्रॅक्टर यायला लागले, मुरूम पडायला लागला, तेव्हा शाळेच्या खिडकीतून मला तो आवाज ऐकू यायचा आणि मी पोरांवर उगीच खेकसायचे. भर चांगली छातीएवढी उंच झाली. मृग गेला, आर्द्रा गेली, धानाच्या बांध्या भरल्या आणि तलाव चढला. मोहल्ल्यातली जाळी नेहमीप्रमाणे गाठी मारून आढ्याला टांगली गेली. सवयीने. कशासाठी, हे कोणी कोणाला विचारलं नाही.

एका रविवारी सकाळी गावात आरडाओरड ऐकू आली. मी भरावाकडे गेले तर अर्धं गाव तिथे होतं. मासे नेहमीच्या वाटेने वर चढत होते आणि मुरुमाला येऊन धडकत होते. मागचे पुढच्यांवर चढत होते. पाणी नुसतं खदखदत होतं. लोक टोपल्या, बादल्या, साड्या, जे हाताला लागेल ते घेऊन पाण्यात उतरले होते आणि मासे उपसत होते. इतके मासे एवढ्या सोप्या रीतीने त्यांना कधी मिळाले नव्हते. जत्रा भरल्यासारखं वाटत होतं. सरपंच भरावावर उभे राहून मोबाइलने फोटो काढत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई ओल्या लुगड्याने धावत आली आणि तिने एक मासोळी माझ्या हातात कोंबली. 'घ्या मॅडम, अंड्याची आहे! सबन अंड्याच्याच आहेत!'

पोट टच्च फुगलेलं. अंगठा लागला तशी पिवळसर अंडी बाहेर आली.

बाबा भरावाच्या कडेला एका दगडावर बसला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. इतक्या दिवसांचं सगळं तोंडाशी आलं आणि मी लोकांसमोर ओरडले. 'बाबा, तुले सबन मालूम होतं! काहून खोटं बोलला? कोनाले भेत होता?'

तो माझ्या हातातल्या मासोळीकडे पाहत होता.

'तुयी नोकरी गेली असती त?'

'गेली असती त जाऊ देत होता! तलाव त राहिला असता!'

लोक वळून बघायला लागले. बाबाने मान वर केली. त्याचे डोळे कोरडे होते आणि आवाज चढलेला होता. तो माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा चिडला होता.

'तलाव मले बापानं देल्ला,' तो म्हणाला. 'तुले मी शिकवलं.'